माळावरचा फिरता मांडव

चाकांवरचा मांडव माळावर उभा राहिल्यापासून रस्त्यानं जाणारा जो तो गाडी थांबवून विचारतो, "लग्न कुणाचं काढलंय?" गाईंच्या सावलीसाठी आहे म्हटलं की दोन प्रकारची माणसं निघतात. एक हसून किक मारतात, दुसरी उतरून पाईपला हात लावून बघतात. हे लिखाण त्या दुसऱ्यांसाठी आहे. बऱ्याच जणांनी व्हॉट्सॲपवर मापं मागितलीत, ती पुढं येतीलच. पण नुसती मापं घेऊन वेल्डिंगच्या दुकानात जाऊ नका. सावली केवढी करायची हे सोपं आहे. ती कुठं ठेवायची आणि कधी हलवायची, खरी मेख तिथं आहे.

आधी आमचा माळ सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडीकडून म्हसवडच्या अंगाला, मुरमाड, पर्जन्यछायेतला. विहिरीखाली एकरभर बागायत आहे, त्यात फुले मारवेल हे चाऱ्याचं गवत आणि थोडी मका. वरचा पाच एकर माळ कायमचा पडीक. भोसरीला फॅब्रिकेशनच्या कामात बरीच वर्षं काढून मी गावाला परत आलो तेव्हा त्यावर कुसळी (टोचऱ्या कुसांचं हलकं गवत) आणि दगड यापलीकडं काही नव्हतं. आता पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विलायती दुधाळ जातीच्या) संकरित आणि दोन देशी खिल्लार अशी सात जनावरं तिथं चरतात. मोकाट नाही. झटका मशीनची तार ओढून पट्टे पाडलेत. एका पट्ट्यात दोन-तीन दिवस, मग पुढचा पट्टा, आणि चरलेल्या पट्ट्याला गवत पुन्हा गुडघ्याला लागेपर्यंत हात लावायचा नाही. गाईनं शेंडा खाल्ला की गवत आधी मुळातल्या साठ्यावर फुटतं. तो साठा भरायच्या आत परत तोंड लावलं की गवत मरतं आणि कुसळी उरते. एवढ्या एका गोष्टीवर पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं माळावर परत यायला लागली.

(झटका मशीन म्हणजे दुकानात मिळतं ते, बॅटरीवर चालणारं, क्षणभर झटका देऊन थांबणारं. घरच्या लाईटचा आकडा सरळ तारेला जोडणारे महाभाग अजून आहेत. त्यानं गुरं मेलीत आणि माणसंही मेलीत. तसला विचार असेल तर पुढं वाचू नका.)

पट्टे पाडले आणि लगेच सावलीची अडचण उभी राहिली. पाच एकरात मोठं झाड एकच, खालच्या कोपऱ्यातली बाभळ. मोकळं चरायचं होतं तेव्हा अकरा वाजले की सगळी जनावरं आपोआप बाभळीखाली जायची. तारेमुळं ती वाट बंद झाली. वरच्या पट्ट्यातल्या गाई दुपारी तारेजवळ येऊन बाभळीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. चरायच्या नाहीत, बसायच्याही नाहीत. मग अकराला घरी हाणायच्या आणि चारला परत न्यायच्या. जाऊन-येऊन माझा घाम आणि त्यांचं दूध, दोन्ही आटायचं.

बाभळीखालची जमीन ज्यानं बघितली असेल त्याला एक गोष्ट ध्यानात येईल. तिथं गवताची काडी नसते. जमीन सिमेंटच्या कोब्यासारखी घट्ट, मुळं उघडी पडलेली, साल घासून गुळगुळीत झालेली. आणि शेण ढीगभर. आख्ख्या माळावरचं गवत खाऊन गाई त्याचं शेण-मूत एका झाडाखाली आणून टाकतात. पहिल्या पावसात त्याचा रेंदा होतो, त्यात गाय बसली की सड घाण होतात, आणि कासदाह झाला की एका इंजेक्शनच्या कोर्समध्ये आठवड्याचं दूध जातं. वर्षानुवर्षं माळ खंगत गेला आणि बाभळीखालचा गुंठा खतानं जळत राहिला. कुणी ठरवून केलं नाही. जिथं सावली तिथं गाय, आणि जिथं गाय तिथं शेण.

मांडव मी केला तो यासाठी. ऊन कमी लागावं हे आहेच, पण तेवढंच असतं तर गोठ्यावर पत्रा होताच.

आता उन्हाचं. गाईच्या पोटात वैरण आंबत असते आणि त्यातनं उष्णता सुटत असते, म्हणून आपल्याला बरं वाटतं त्या हवेतही दुभत्या गाईला उकडतं. तापमान आणि दमटपणा एकत्र धरून एक निर्देशांक काढतात, इंग्रजी अक्षरांत त्याला टीएचआय म्हणतात. ७२ च्या वर गेला की संकरित दुभत्या गाईला त्रास सुरू झाला असं धरतात. मोबाईलवर हवामान बघून आकडेमोड करता येते. मे महिन्यातली दुपार, ३८ अंश आणि २५ टक्के दमटपणा धरला तर हा आकडा ८३ येतो. ऑक्टोबरची दुपार घ्या, ३३ अंशच, पण पाऊस नुकताच उघडलेला आणि दमटपणा ५५ टक्के. आकडा पुन्हा ८३! म्हणजे आपण ज्याला "आता ऊन कमी झालं" म्हणतो ती ऑक्टोबरची दुपार गाईला मेइतकीच जड जाते. आणि आमच्याकडं माळावर खरं गवत असतं ते भाद्रपद ते मार्गशीर्षच. मेमध्ये माळ नुसता पिवळा असतो, गाई विहिरीखालच्या मारवेलाच्या पट्ट्यात आणि कडब्यावर असतात. म्हणून माझ्या मांडवाचा खरा हंगाम ऑक्टोबर. हे लोकांना पटवायला फार वेळ लागतो. सावली म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं चैत्र-वैशाखच येतो.

शिवाय त्या निर्देशांकात हवेचंच गणित आहे, अंगावर पडणारं ऊन त्यात धरलेलंच नाही. उघड्यावरच्या काळ्या पाठीच्या एचएफला आकड्यापेक्षा जास्तच सोसावं लागतं. नीट केलेल्या सावलीनं अंगावर येणारी उष्णता ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते.

पण मी मोबाईलपेक्षा कुशीवर जास्त विश्वास ठेवतो. गाईपासून दहा-बारा फुटांवर शांत उभं राहायचं, कुशीची भात्यासारखी होणारी वर-खाली मोजायची. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची. निवांत गाय मिनिटाला तीसेक श्वास घेते. साठच्या वर गेली की तिला ऊन लागतंय. ऐंशीच्या वर गेली की ती चरणं सोडते, पाण्याजवळ नुसती उभी राहते, लाळेची तार जमिनीपर्यंत येते. बसत नाही, कारण उभं राहिलं की अंगाला चारी बाजूंनी वारं लागतं. तोंड उघडं पडून जीभ बाहेर आली आणि मान पुढं ताणली की मोजत बसायचं नाही, पाणी मारायचं आणि डॉक्टरला फोन लावायचा. त्याच माळावर, त्याच वेळेला, आमच्या खिल्लारी मात्र मान खाली घालून चरत असतात. पांढरा रंग, पातळ आखूड केस, घाम येणारी कातडी, आणि मुळात दूधच कमी म्हणून आतली उष्णताही कमी. आई दरवेळी म्हणते, "बघ, ही तुझ्या बापजाद्यांची जात." दूध मोजायच्या वेळी मात्र ती एचएफच्या धारेला पुढं बसते.

उन्हाचा फटका त्या दिवशीच्या दुधात दिसतो त्यापेक्षा नंतर जास्त दिसतो. खाणं घटतं, संकलनाला फॅट लागत नाही, मुका माज होतो म्हणजे गाय माजावर आलेली कळतच नाही, भरवलेली गाय उलटते म्हणजे गाभण राहत नाही. गाय दोन महिने जास्त भाकड राहिली तर तिच्या वैरणीचा हिशेब मांडून बघा, मांडवाचा खर्च लहान वाटेल.

आता मापं.

एका मोठ्या गाईला किमान ४० चौरस फूट सावली धरा. सात जनावरांना २८०, म्हणून मी २० फूट बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट केला. यापेक्षा कमी केलात तर न केलेला बरा. सावली अपुरी असली की गाई एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आत वारं खेळत नाही, आणि एकमेकींच्या अंगाची ऊब लागून आणखी तापतात. त्यात कळपाची एक पाटलीण असतेच. आमच्याकडं ती म्हातारी खिल्लार आहे. तिला सावलीची सगळ्यात कमी गरज, पण मधोमध तीच बसणार, आणि शिंगं अशी की तीन गाईंची जागा तिची एकटीची.

पाईप ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोनी, २ मिलिमीटर जाडीचा. वरची चौकट, मध्ये तीन आडवे, चार पाय, खालची चौकट आणि कोपऱ्यांना तिरके आधार धरून साधारण ७५ मीटर लागतो, वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास जातं. तिरके आधार वाचवू नका. गाय पायाला अंग घासते तेव्हा ती चारशे किलोचा धक्का देते, तोही रोज, त्याच जागी. एका पायाला मी करंजाच्या तेलात भिजवलेलं बारदान गुंडाळलंय. त्यानं गोचीड जातात असा दावा नाही, पण गाई त्याच पायाला घासतात आणि बाकीचे तीन वाचतात.

वर शेडनेट, हिरवं, ७५ टक्क्यांचं. ५० टक्के रोपवाटिकेला ठीक आहे, गाईच्या पाठीला पुरत नाही. ताडपत्री घालू नका: खाली गरम हवा कोंडते, वर पावसाचं पाणी साचून पोट येतं. जाळीतून गरम हवा वर निघून जाते. पत्रा तर फिरत्या मांडवाला नकोच. भर दुपारी पत्र्याला खालून हात लावून बघा. तो तापून गाईच्या पाठीवर ऊब फेकत असतो. कायमच्या गोठ्यावर पत्रा असेल तर वरून पांढरा रंग द्या किंवा उसाचं पाचट अंथरा. २०१९ च्या दुष्काळात चारा छावणीत आमची जनावरं होती तेव्हा हे रोज बघायला मिळायचं. नुसतं एकपदरी नेट डोक्यालगत बांधलेल्यांची जनावरं धापा टाकायची, आणि ज्यांनी नेटवर वाळलेलं वाढं (उसाचे शेंडे) पसरलं होतं त्यांच्या दावणीला दुपारी रवंथ चालू असायचा. सरकारचा चारा सगळ्यांना सारखा, फरक फक्त डोक्यावरच्या वाढ्याचा.

उंची हा जरा विचाराचा भाग आहे. मी १० फूट ठेवली. सात फुटांवर नेट बांधलं तर खिल्लारीची शिंगं त्यात अडकतात आणि नेटची ऊबही पाठीला लागते. फार उंच नेलं तर वारं जास्त धरतं आणि सावली पळते. कशी पळते ते सांगतो. साताऱ्याच्या आसपास मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, मांडवाची सावली बरोबर मांडवाखाली. साडेतीनला सूर्य पश्चिमेला निम्म्यावर उतरलेला असतो आणि दहा फूट उंचीच्या नेटची सावली नऊ फूट पूर्वेला सरकलेली असते. १५ फूट रुंदीतली निम्म्याहून जास्त सावली मांडवाच्या बाहेर! सकाळी साडेनऊला तेवढीच पश्चिमेला. कुणी बघायला आलं की म्हणतं, गाई मांडवात नाहीत, बाहेरच बसल्यात, पैसे वाया गेले. गाई सावलीतच असतात, मांडव दुसरीकडं असतो.

मला हेच हवं होतं. म्हणून मांडवाची लांब बाजू दक्षिणोत्तर लावायची. सावली दिवसभरात पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकत जाते, गाई उठून तिच्यामागं सरकतात. सकाळी बसलेली जागा दुपारी उन्हात येऊन वाळते, शेणही एका जागी साचत नाही. पूर्व-पश्चिम लावला तर सावली जास्त वेळ एकाच पट्ट्यात राहते. कायमच्या, खाली कोबा केलेल्या शेडला ते चालेल, माळावर चिखल होईल.

चाकं डनलॉप गाडीची (रबरी टायरच्या बैलगाडीची), मोडीतनं घेतलेली. आख मधून कापून एकेक चाक मागच्या दोन पायांना जोडलं. पुढच्या दोन पायांना खाली वाकवलेल्या पाईपची घसर आणि ओढायला दांडी. बैलजोडी सहज ओढते. भावकीतला छोटा ट्रॅक्टर मिळाला तर पाच मिनिटांचं काम. चार तगडी माणसं सपाटीला ढकलतात, चढाला नाही. टमटमची टायरं स्वस्त पडतात म्हणून कुणी सांगेल, पण बाभळीच्या काट्यापुढं ती टिकत नाहीत. आणि एक: १५ फुटांचा मांडव १२ फुटांच्या फाटकातून जात नाही. हसू नका, पाईप कापायच्या आधी आपल्या बांधाची खिंड मोजा. झटक्याची तार आडवी आली तर मशीन बंद करून तार कोरड्या काठीनं खाली दाबायची आणि वरून ओढून न्यायचा.

आता वारं. माण तालुक्यात मांडव उन्हानं खराब होत नाही, वळवानं होतो. एप्रिल-मेच्या संध्याकाळी आभाळ काळं भरून येतं आणि पाऊस यायच्या आधी दहा मिनिटं जे वारं सुटतं त्यात गोठ्यांचे पत्रे शेजारच्या शिवारात सापडतात. हिशेब असा: ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो. माझं नेट २८ चौरस मीटर. म्हणजे पावणेपाचशे किलो. जाळीतून थोडं वारं निसटतं, आणि आडव्या नेटवर पूर्ण दाब येत नाही, हे खरं. पण वावटळ खालून शिरली तर पावणेदोनशे किलोचा सांगाडा तिला किती जड? म्हणून दोन गोष्टी. चारी कोपऱ्यांना अडीच फुटी लोखंडी मेखा, तिरप्या ठोकलेल्या, आणि पायांच्या चौकटीवर दगड भरलेली पोती. हे सगळे करतात. दुसरी गोष्ट भोसरीच्या कामातनं आलेली: नेट चौकटीला तारेनं बांधायचं नाही, दोरीनंही नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या आणि त्यांनी बांधायचं. रोजच्या वाऱ्यात त्या ताणून परत येतात, नेट फडफडून फाटत नाही. वळवाचा झपाटा आला तर आधी पट्ट्या तुटतात, नेट एका बाजूनं सुटून लोंबकळतं, आणि सांगाडा जागेवर राहतो. ट्यूबच्या पट्ट्या पंक्चरवाला फुकट देतो. एका बाजूला कड्या ओवलेली तार ठेवली तर भरून आलेल्या संध्याकाळी नेट पडद्यासारखं एकीकडं ओढूनही घेता येतं. रात्री मी ते नेहमी ओढून ठेवतो. तसंही रात्री जनावरं घरी असतात, माळाला लांडग्याची ये-जा आहे.

एवढं झालं की मांडव तयार. खरं काम त्यापुढं.

एचएफ गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते, दहा-बारा वेळा. तिनं गवतातनं खाल्लेल्या नत्रातला तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग शेणा-मुतातून परत जमिनीला मिळतो. पालाश तर बहुतेक मुतातूनच जातो. अकरा ते चार गाई मांडवाच्या आसपास असतात. त्या पाच तासांचं शेण-मूत कुठं पडणार हे मी सकाळी मांडव लावताना ठरवतो. म्हणून मांडव सगळ्यात चांगल्या गवतावर लावायचा नाही. पट्ट्यातली सगळ्यात नागडी जागा शोधायची: मुरूम वर आलेला उंचवटा, कुसळीसुद्धा विरळ आहे अशी. ओघळीजवळ नाही, नाहीतर पहिल्या सरीला खत ओढ्याला. सखल जागी नाही, तिथं चिखल होतो. आणि रोज हलवायचा, फार तर एक दिवस आड. एकाच जागी चार-पाच दिवस ठेवला की तुम्ही फक्त लोखंडाची बाभळ लावली, बाकी काही केलं नाही.

पाण्याचं टाकं मी मांडवाखाली ठेवत नाही, त्याच पट्ट्यात पण पलीकडच्या टोकाला ठेवतो. अर्धं कापलेलं प्लास्टिकचं पिंप आणि त्याला फ्लोट व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात दुभती एचएफ ८०-१०० लिटर पाणी पिते. सावली आणि पाणी एकाच ठिकाणी दिलं तर गाई तिथनं हलतच नाहीत, पट्ट्याची दुसरी बाजू न चरता राहते.

पुढच्या पावसाळ्यात काय दिसलं ते फोटोत नीट येत नाही. आषाढात वरच्या उंचवट्यावर उभं राहिलं की माळावर गडद हिरवे चौकोन दिसतात, कडा पुसट. मांडव उभा होता त्या जागा. त्यातला एक शेणाचा पो मी काडीनं उलटला. वरून वाळून पापडी झालेला, खालून चाळणी. बोटाएवढी भोकं, आत शेणकिडे, आणि खालचा मुरूम, ज्यात पहार शिरताना ठिणगी उडायची, तिथं बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. किड्यांनी शेण खाली नेलं आणि माती वर आणली. (जनावराला आयव्हरमेक्टिन टोचलं की पुढचे काही दिवस त्या शेणात हे किडे वाढत नाहीत. जंताचं औषध द्यावंच लागतं, पण कॅलेंडर बघून सगळ्यांना सरसकट टोचायची सवय मी सोडली. डॉक्टरला विचारून, शेण तपासून देतो.)

आईचा याला पहिल्या दिवसापासून विरोध. तिचं म्हणणं साधं आणि बिनतोड: "शेणखताची ट्रॉली लोक पैसे मोजून नेतात, आणि तू ते माळावर सांडून येतोस?" तिला मी सांगितलं की रात्रीचं शेण गोठ्यातच पडतं, त्याचा उकिरडा भरतोच. गोठ्यातलं मूत तर आपण कधी विकलं नव्हतं, ते गटारीनं जायचं. माळावर ते निदान मुळाला लागतं. आणि ट्रॉली भरायची मजुरी, वाहतूक, पांगवायची मजुरी हे सगळं गाय स्वतःच्या पायानं करते. तिला पटलं का? नाही. सकाळी ती घमेलं घेऊन माळावर जाते आणि गोवऱ्यांसाठी शेण गोळा करून आणते. आमच्यात आता तह झालाय: ज्या पट्ट्यातनं गाई निघाल्या तिथलं उचलायचं नाही, गोठ्याजवळच्या पट्ट्यातलं घ्यायचं.

पटलं ते धनगर बापूंना. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडं उतरताना त्यांचा वाडा (मेंढरांचा तळ) दरवर्षी आमच्या शिवारात पडतो. शेतात मेंढरं बसवायला शेतकरी त्यांना धान्य देतात, पैसे देतात, आपल्याकडं ही रीत फार जुनी. रोज संध्याकाळी वाघूर (मेंढरं कोंडायची जाळी) उचलायची, पुढच्या तुकड्यात लावायची, असं करत आख्खं रान खतावून निघतं. बापू मांडवाखाली बसले, तंबाखू मळत वर नेटकडं बघितलं आणि म्हणाले, "आमी रातीला करतो ते तू दिवसा करतोस. पर आमाला धान्य मिळतं, तुला कोण देतं रं?" मी म्हटलं, माळ देतो. ते म्हणाले, "माळ उधारीवर देतो, लक्षात ठेव."

उणं काय आहे तेही सांगायला हवं. रोज हलवायला माणूस लागतं. मी घरी नसलो की मांडव हलत नाही, सगळी सिस्टीम एका माणसावर उभी आहे. म्हशीला या मांडवाचा उपयोग अर्धाच. काळी कातडी, घाम कमी, तिला अंगावर पाणी किंवा डुंबायला जागा लागतेच. डोंगरउताराच्या जमिनीला चाकांचा मांडव देऊ नका, तिथं सुटला तर थेट खाली. दहा-बाराच्या वर जनावरं असतील तर एक मोठा करण्यापेक्षा दोन लहान करा. वारं कमी धरतात, आणि पाटलीण एकाच ठिकाणी राज्य करू शकते. अमेरिकेत ट्रॅक्टरमागं ओढायच्या, छत्रीसारख्या उघडमीट होणाऱ्या मोठ्या तयार सावल्या विकत मिळतात. व्हिडिओ बघायला मजा येते. शेकडो एकरांच्या सपाट कुरणांना त्या शोभतात, आमच्या बांध आणि धोंड्यांना हाच.

"झाडं का लावत नाहीस?" हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा स्वतः झाड न लावलेले असतात, पण प्रश्न बरोबर आहे. झाडाची सावली नेटपेक्षा थंड, कारण पानं पाणी सोडतात. बांधाच्या कडेनं लिंब, करंज आणि शेवरी लावलीय. शेवरी लगेच येते, कापून खायलाही घालता येते. लिंबाला गाय खाली बसण्याइतकं व्हायला सात-आठ वर्षं तरी जाणार, तोवर गावातल्या शेळ्यांपासून वाचलं तर. पण झाडं मोठी झाली तरी मांडव मोडीत घालणार नाही. झाड हलत नाही. पाच एकरात दहा झाडं झाली तर दहा बाभळी तयार होतील, एवढाच फरक. तेव्हा झाडाखालच्या जागा तारेनं आलटून-पालटून बंद ठेवाव्या लागतील, आणि मधल्या उघड्या तुकड्यांना मांडव लागेलच.

नेट घेताना उन्हात टिकणारं, यूव्ही प्रक्रिया केलेलं आहे का ते विचारून घ्या. साधं नेट एका उन्हाळ्यात कुरकुरीत होतं. जूनमध्ये ढग आले की मी ते उतरवतो, झटकून, घडी घालून आढ्याला टांगतो. नेट उन्हानं जातं तेवढंच उंदरानं जातं. भाद्रपदात ऊन चटकायला लागलं की परत चढवायचं. मधले तीन महिने सांगाडा घरामागं उभा असतो. यंदा हिनं त्याच्या चारी पायांशी दोडक्याच्या बिया टोचल्यात, वेल वरच्या चौकटीपर्यंत पोचलाय आणि फुलावर आलाय. भाद्रपदात मांडव न्यायला बैल आणले की भांडण ठरलेलं आहे.